सांगेल त्याने दोर धरावा

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोरी नव्हे, दोर. दोरीवर कपडे वाळत घालतात, माझ्यावर माणसं लटकायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवा घर झाडायला आलेल्या बाईंनी "ही दोरी कुठे ठेवू?" असं विचारलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या वर, एका खाकी पिशवीत, मोडक्या पंख्याच्या खोक्याशेजारी आहे. पिशवीचं तोंड कुणी नीट आवळलेलं नाही, म्हणून खालची खोली मला दिसते आणि तिथलं बोलणंही ऐकू येतं.

त्या खोलीत एक आई आणि तिची मुलगी राहतात. आपल्या हातून आपला बाप गेला, असं मुलगी धरून बसली आहे. ती धड जेवत नाही, धड बोलत नाही. आईला एक गोष्ट ठाऊक होती, पण ती कितीतरी दिवस बोलली नाही. तीच गोष्ट मलाही ठाऊक होती, पण मला दोन टोकं असली तरी तोंड एकही नाही. कपाटावर पडल्या पडल्या मी नुसता तळमळत राहिलो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आत पांढऱ्या तंतूंचा गाभा आणि वर नारिंगी विणीचं कवच, मधूनमधून निळे ठिपके. दिसायला मी राजबिंडा होतो, खोटं कशाला बोलू! आमच्यातल्या एका भावाला त्यांनी परीक्षेसाठी टांगलं आणि त्याच्यावर वजनं आदळून आदळून त्याचा जीव काढला. तो टिकला म्हणून आम्ही सगळे पास झालो. मग माझ्या टोकाला एक कागदी पट्टी गुंडाळली, तिच्यावर लिहिलं होतं 'साठ मीटर', आणि मला दुकानात पाठवलं.

दुकानातून मला त्या मुलीने उचललं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. "खालची ओळ वाचा. त्याच्या खालची? बरं, त्याच्या खालची?" असं दिवसभर म्हणायचं, हे तिचं काम. तिचा पहिला पगार झाला होता आणि तिला बाबांसाठी काहीतरी घ्यायचं होतं. पैसे चुकते केल्यावर तिने दुकानदाराकडे पेन मागितलं आणि माझ्या पट्टीवर उरलेल्या इवल्याशा जागेत लिहिलं, 'बाबा, सावकाश.'

बाबांचा धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा. आयुष्य शिडीवर गेलेलं, बोटांवर बारीक बारीक चिरा. पण खडकावर तेच हात असे फिरायचे की बघत राहावं. मुलगी लहान असताना कशावरही सरसर चढायची म्हणून त्यांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं, आणि ती नोकरीला लागली तरी घरात ती खारूच राहिली. मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बाबांनी पट्टी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली. "सावकाश म्हणे! आता ही मला शिकवणार," असं आईला म्हणाले.

दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या कड्यावर जायचो. बुटकाच कडा तो, अर्धा दोर पुरून उरायचा. तिथे आणखी चार-सहा मंडळी यायची आणि सगळी बाबांना विचारायची, "दादा, आज कुठली वाट धरू?" बाबा लगेच सांगायचे नाहीत. काल झोप लागली का, बोट सुजलंय ते कशाने, घरी सगळं ठीक ना, असल्या चौकशा करायचे. मग एक वाट सांगायचे आणि माझं खालचं टोक स्वतःच्या हातात घ्यायचे. त्या कड्यावर त्यांनी एक नियमच करून टाकला होता. जो वाट सांगेल, त्याने दोर धरायचा. नुसती तोंडपाटीलकी करून चहा प्यायला बसायचं नाही. "सांगायची हौस आहे ना? मग धर दोर आणि तो खाली येईपर्यंत मान वर," असं ते दरडावायचे.

त्यांचं चुकत नसे असं समजू नका हं. एकदा एका बेकरीवाल्याला त्यांनी अशा वाटेने पाठवलं की वर गांधीलमाश्यांचं घर निघालं. तो बिचारा "मेलो मेलो" करत ओरडायला लागला. पण दोर बाबांच्याच हातात होता. त्यांनी त्याला झपाट्याने खाली घेतलं, डंखांवर ओला रुमाल ठेवला आणि कान धरून त्याची माफी मागितली. बेकरीवाला सुजलेल्या तोंडाने हसत होता. सांगण्यात चूक झाली, पण धरण्यात झाली नाही, म्हणून तो हसू तरी शकला.

माझी ती वर्षं सोन्याची होती. किती जणांना झेललं मी! कुणाचा पाय सटकला की मी ताणायचो, थोडा लांबायचो आणि त्याला अलगद थांबवायचो. वरचा माणूस धापा टाकत म्हणायचा, "दोर होता म्हणून वाचलो." घरी गेल्यावर बाबा मला टबात कोमट पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. आई कुरकुरायची, "अहो, माझ्या चादरींचे एवढे लाड कधी केलेत का?"

पण दोराचं असं असतं, की त्याची टोकं आधी झिजतात. गाठी तिथेच मारतात, ओढ तिथेच बसते. कवच विसविशीत झालं की तेवढा भाग तापलेल्या सुरीने कापून टाकायचा, ही रीतच आहे. बाबा पट्टी नसलेल्या टोकाचं कधी हातभर, कधी दोन हात, असं कापायचे. मापायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही, कारण बुटक्या कड्यावर मी नेहमीच ढीगभर उरायचो. पुढे एका धारदार कपारीवर माझं पट्टीचं टोक पार सोलून निघालं. त्या वेळी चांगलाच मोठा तुकडा गेला.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. जेवणाच्या टेबलावर माझं टोक पसरलेलं. आई समोर बसून पार्सलं बांधत होती. ती कुरियरच्या कचेरीत कामाला होती आणि उरलेलं काम घरी आणायची. "दुसरा घ्या की आता. किती कापाल?" ती म्हणाली.

"दुसरा? अगं, पोरीच्या पहिल्या पगाराचा आहे हा."

"बरं बाई, राहू दे. निदान तो कापलेला तुकडा तरी कचऱ्यात टाका."

बाबा त्या तुकड्यावरची पट्टी नखाने हळूहळू सोडवत होते. "यावर खारूचं अक्षर आहे. टाकवत नाही गं. तुझी ती रुंद चिकटपट्टी दे जरा."

आईने चिकटपट्टी ओढली, दातांनी तोडली आणि दिली. बाबांनी कागदाची ती पट्टी माझ्या नव्या टोकाला गुंडाळली आणि वरून चिकटपट्टी अशी घट्ट बसवली की जशी कारखान्यातूनच आली असावी. काचा बसवणारा माणूस तो, काम सफाईचंच करणार. 'साठ मीटर. बाबा, सावकाश.' मी तेव्हा साठ मीटर नव्हतो, मित्रांनो. पन्नाससुद्धा नव्हतो. पण टेबलावर ते दोघं हसत होते आणि कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझी वीण आवळते.

पुढे कड्यावरची मंडळी पांगली. कुणाची बदली झाली, कुणाचे गुडघे गेले, बेकरीवाल्याला जुळी झाली. बाबा रविवारी मला खांद्यावर घेऊन जायचे आणि बऱ्याचदा न चढताच परत यायचे. घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. मुलीच्या जिवाला ते लागलं. तिने मोबाईलवर एक ॲप शोधून काढलं. आपण कुठे चढलो, किती वजन, किती वय, काय दुखतं, दोर केवढा, सगळं त्याला सांगायचं आणि मग ते आपल्याजोगता कडा सुचवतं.

एका दुपारी ती बाबांच्या फोनवर हे सगळं भरत बसली. दोराच्या रकान्यापाशी आली तेव्हा तिने माझं टोक उचललं, पट्टी वाचली आणि साठ लिहिलं. तिने चुकीचं काय केलं, सांगा! जे लिहिलं होतं तेच तिने वाचलं. मी तिच्या हातात होतो, आणि ओरडून सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

ॲपने नदीपलीकडचा एक उंच कडा दाखवला. खाली लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी शहाण्णव टक्के योग्य.'

"मग उरलेले चार टक्के कसले?" बाबांनी विचारलं.

"असाच आकडा असतो हो तो, बाबा!"

"आणि वाट हा सांगणार, तर दोर कोण धरणार? हाच का?"

"मी धरते ना. मग तर झालं?"

बाबांनी मान डोलावली. लेकीने एवढं मनापासून केलंय, नाही कसं म्हणायचं? खरं सांगायचं तर त्यांचे डोळेही चमकले होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला नखशिखांत निरखलं, कुठे सोललोय का ते बघितलं. "पुरेल ना गं दोर?" त्यांनी विचारलं. "साठ लागतो, आपला साठच आहे," ती म्हणाली आणि तिने पट्टी वर धरली. बाबांनी ती वाचली. आपल्याच हाताने चिकटवलेली ती पट्टी त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हो, साठच." माणूस आपल्या हातचं काम विसरतो हो. पट्टीवर त्यांना आकडा दिसतच नसे, त्यांना लेकीचं अक्षर दिसायचं.

ॲपला मी शिव्या देईन असं तुम्हाला वाटत असेल. द्यायच्याच होत्या. पण तो कडा खरंच सुंदर होता. खडक कोरडा, धरायला जागाच जागा, आणि वळणं तर अशी की जणू कुणी बाबांच्या हातांची मापं घेऊन घडवली होती. ते चढत होते आणि गुणगुणत होते. मुलगी खाली उभी राहून मला बोटांमधून सोडत होती, मान वर, नजर एकदाही ढळली नाही. वर खडकात ठोकलेल्या साखळीपाशी पोचल्यावर ते ओरडले, "खारे, काय दिसतंय गं इथून! नदीचं अख्खं वळण दिसतंय! तुझ्या त्या ॲपला माझा नमस्कार सांग!"

खालून ती हसली. तिचं ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

आता जे झालं ते मी चटकन सांगतो, रेंगाळायचं बळ माझ्यात नाही. चढताना दोर एकेरी लागतो. उतरताना तोच वरच्या साखळीतून वळून खाली येतो, म्हणजे दुप्पट लागतो. मुलगी बाबांना हळूहळू खाली सोडत होती आणि डोळे त्यांच्यावरच लावून होती, कारण तसंच शिकवलं होतं तिला. आपल्या पायाशी दोर किती उरलाय हे बघायची त्या बुटक्या कड्यावर कधी गरजच पडली नव्हती. त्यामुळेच खालच्या टोकाला गाठ मारायचीही कुणाला सवय नव्हती. बाबा अजून जमिनीपासून तीन मजले वर होते आणि मी संपलो. माझं टोक त्या पट्टीसकट तिच्या मुठीतून सुटलं. तिने झडप घातली, तिचे तळवे भाजून निघाले. जन्मभर ज्याला त्याला झेललं आणि माझ्या धन्यालाच मी झेलू शकलो नाही.

इस्पितळाच्या बाकड्यावर ती बसली होती, हातांना पट्ट्या, मांडीवर बाबांच्या सामानाची पिशवी आणि पिशवीत मी. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. तिने बघितलं. 'आजची वाट कशी वाटली? किती तारे द्याल?' तिने फोन पालथा घातला.

मग चौकशी झाली. मला टेप लावून मापलं. ॲपवाल्यांच्या कचेरीतून एक तरुण आला, अगदी नम्र, घरात येताना बूट बाहेर काढून ठेवले त्याने. "झालं ते फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण आम्ही दिलेली कड्याची उंची बरोबर होती. दोराची लांबी तेवढी इकडून चुकीची भरली गेली." मुलगी म्हणाली, "हो. मीच भरली." तो खोटं बोलला नव्हता, हीच तर माझी चीड आहे! एखादा खोटं बोलला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. नंतर लोक जिन्यात कुजबुजायला लागले, पोरीने मोबाईलच्या नादी लागून बापाला घालवलं म्हणून. बोलणाऱ्याचं काय जातं? मुलगी ते ऐकायची आणि मान खाली घालून वर यायची. चष्म्याच्या दुकानातली नोकरीही तिने सोडली. "खालची ओळ वाचा" हे शब्द तिच्या तोंडून फुटेनात.

आईने बाबांचा फोन बंद केला नाही. फळीवर ठेवला, रोज चार्जिंगला लावायची. कशासाठी, ते तिलाच माहीत. मागच्या शुक्रवारी दिवेलागणीला तो वाजला. आईने चष्मा लावून वाचलं, 'बऱ्याच दिवसांत चढला नाहीत! तुमच्यासाठी एक नवा कडा निवडला आहे.'

"खारू," आई म्हणाली, "त्याला सांग ना गं, ते नाहीत म्हणून."

मुलीने फोन घेतला. पुष्कळ शोधलं. 'सध्या चढत नाही' असं एक बटण सापडलं, त्याखाली कारणं होती. वेळ नाही. आवड बदलली. दुखापत झाली आहे. तिने शेवटचं दाबलं. फोनने विचारलं, 'बरं व्हायला किती आठवडे लागतील?'

तेव्हा तिचा बांध फुटला. "मीच याला साठ सांगितलं, आई! दिवसभर दुसऱ्यांकडून अक्षरं वाचून घ्यायचे आणि मला एक पट्टी धड वाचता आली नाही!"

आई उठली. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि मला पिशवीसकट खाली घेतलं. माझं टोक शोधून तिने लेकीसमोर धरलं. "बघ. ही वरची चिकटपट्टी कुठली?"

मुलीने डोळे पुसून बघितलं. "तुझ्या कचेरीतली."

"मी दिली होती. दातांनी तोडून. मूळचं टोक झिजलं म्हणून त्यांनी कापलं आणि तुझी पट्टी या टोकाला लावली. तू बरोबर वाचलंस गं. पट्टीच खोटी होती."

"हे तुला माहीत होतं? आणि इतके दिवस तू..."

"काय सांगू? त्यांच्याच हातून झालं म्हणून सांगू? की मीच ते हातात दिलं म्हणून सांगू? माझी जीभच उचलेना. तुला झिजताना बघत होते आणि तोंडाला कुलूप. मला माफ कर, बाळा."

मला वाटलं, सुटली पोर. पण दुःखाला असली वाट सापडत नसते. तिने पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण त्यांनी ती टाकली का नाही?"

"तुझं अक्षर होतं. टाकवत नाही म्हणाले."

"म्हणजे मी ते लिहिलंच नसतं तर..."

"गप!" आई एवढ्या जोरात ओरडली की खिडकीची काच झणाणली. "बापाला दोन शब्द मायेने लिहिले ते पाप झालं का? आणि त्यांनी ते जपले ते पाप झालं? पुन्हा असं बोललीस तर माझ्याशी गाठ आहे." आणि मग तिनेच लेकीला छातीशी ओढलं. दोघी जमिनीवर बसून रडल्या. मी त्यांच्या मांड्यांवर वेडावाकडा पसरलो होतो. रडू येत नाही दोराला, पण त्या दिवशी मी दोन्हीकडून ओला झालो. मग आईने भात कालवला आणि तिला चार घास भरवले. तिनेही ते खाल्ले.

मित्रांनो, ॲपने वाट सुचवावी का, असं मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, खुशाल सुचवावी. नदीचं ते वळण बाबांना त्याच्यामुळेच दिसलं, हे मी नाकारणार नाही. पण त्याला कडा माहीत असतो, तुमचा दोर माहीत नसतो. ते फक्त तुम्ही सांगितलेलं ऐकतं. तुमच्यातलं काय झिजलं, काय कापलं गेलं, काय मायेने चिकटवून ठेवलंय, ते त्याला कसं कळणार? म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते, की चढायच्या आधी आपला दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत मापा. खालच्या टोकाला गाठ मारा. कंटाळा आला तरी मारा. आणि जो वाट सांगतोय तो तुम्ही खाली येईपर्यंत थांबणार आहे का, तेवढं एकदा त्याला विचारा. बाबा असते तर याहून कडक शब्दांत सांगितलं असतं.

माझं म्हणाल तर मी आता कुणाला धरायच्या लायकीचा नाही. रविवारी मला कापायचं ठरलंय, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. मला वाईट वाटत नाही. त्या घरात एकच गोष्ट ठरायची राहिली होती, ती काल ठरली.

काल पुन्हा शुक्रवार होता. फळीवरचा फोन वाजला. मुलगी म्हणाली, "आण आई, ते ॲप काढूनच टाकते. उगाच तुला त्रास."

आईने फोन पदराने पुसला आणि परत फळीवर ठेवला. "राहू दे गं," ती म्हणाली. "तेवढं एकच जण अजून त्यांना 'चला' म्हणतंय."